स्कॉर्पिओ: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसर पट्ट्यात पावसाळा लागला की संत्र्याच्या बागेकडे जाणारी काळ्या मातीची वाट भल्याभल्या गाड्यांना अडवते. गाडी घेताना मग हमखास सल्ला मिळतो: स्कॉर्पिओ घ्या, तिची चारही चाकं ओढतात. हा सल्ला बहुतेक व्हेरियंटना लागूच पडत नाही.

महिंद्राची आज मिळणारी स्कॉर्पिओ क्लासिक फक्त मागच्या चाकांच्या जोरावर चालते. स्कॉर्पिओ-एनमध्ये फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, मिळतं, पण तेही डिझेलच्या ठरावीक व्हेरियंटमध्येच. जुनी गाडी बघायला गेलेल्याने बॅजवर विश्वास ठेवू नये. सरळ वाकून खाली पाहावं. गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट दोन्हींत असतो. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नसेल, तर ती फोर-बाय-फोर नाही. असली, तरी टायरच्या खाचांत काळी माती भरली की चारही चाकं जागच्या जागी फिरतात. चिखलात टायरचं महत्त्व इंजिनाइतकंच आहे.

सौसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानी घाट लागतो. फोर-बाय-फोर असली की उतारावर गाडी लवकर थांबते, हा समज इथे जिवावर बेतू शकतो. ब्रेक कुठल्याही गाडीत चारही चाकांनाच असतात. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाने वेग आवरणं, हाच खरा उपाय.

दुसरा समज असा, की हे मॉडेल परदेशातून आयतं आलं. महिंद्राच्या गाड्यांची सुरुवात विलीज जीपच्या जुळणीपासून झाली हे खरं. पण २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ घडली ती नाशिकला. जनरल मोटर्समधली नोकरी सोडून १९९३ मध्ये भारतात परतलेले पवन गोयंका नाशिकच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. काही तंत्रज्ञान आणि सुटे भाग बाहेरच्या कंपन्यांचे होते, पण गाडीची आखणी इथली. मराठी मुलखातल्या कारखान्याचं हे काम अभिमानाने सांगण्याजोगं आहे.

सगळ्यांत घातक समज सुरक्षेचा. 'पत्रा जाड, चेसिस वजनदार, मग काय होणार?' २०१६ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ ताशी ६४ किमी वेगाने अडथळ्यावर आदळवली; प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. २०२२ च्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनने त्याच निकषात पाच तारे मिळवले, पण लहान मुलांच्या सुरक्षेत तीनच. पुढे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एनकॅपने तिला शून्य तारे दिले, कारण आपोआप ब्रेक लावण्यासारख्या चालक-साहाय्य यंत्रणा तिच्यात नव्हत्या. म्हणजे तारे पाहताना चाचणी कुठली, साल कोणतं आणि व्हेरियंट कोणता, हे तिन्ही विचारायला हवं.

जुन्या गाडीच्या सौद्यात तर एअरबॅग आधी तपासावी. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या अनेक स्वस्त व्हेरियंटमध्ये ती नाही.

राहिला प्रश्न क्लासिक आणि एनचा. नाव सारखं असलं तरी एनची चेसिस नवी आहे आणि लांबी ४६६२ मिमी, क्लासिकची ४४५६. एनमध्ये पेट्रोलचा पर्यायही आहे, क्लासिक मात्र फक्त डिझेलवर येते.