धाव, दोरी आणि वेल्डिंगचे टेबल

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना मूल सोडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आणि त्यांच्यामागे जंगल दिसू लागते. या पट्ट्यातील एका शाळेत आम्ही काही दिवस मुक्कामाला होतो. आठवीतील एक मुलगी दोन किलोमीटरवरून भावाच्या सायकलवर मागे बसून शाळेत येई. तिच्या पायांत बळ नव्हते. भाऊ दहावी होऊन शाळा सोडणार, म्हणून तिच्यासाठी हाताने चालवायची तीनचाकी बनवावी असे शिक्षकांनी ठरवले. मोजमापे आम्ही काढून दिली. चौकोनी पाइप कापून फरशीवर मांडले आणि वेल्डिंग करून सांगाडा तयार झाला.

तीनचाकी चालली, पण डावीकडे ओढू लागली. शाळेत पोहोचेपर्यंत मुलीचे दंड भरून येत. मोजून पाहिले, तेव्हा मागची दोन चाके एकमेकांना समांतर नव्हती. त्यांच्यात सुमारे एका अंशाचा फरक होता.

एक अंश म्हणजे किती? एक चाक सरळ चालले, तर त्याच्याशी एक अंश तिरके असलेले दुसरे चाक दर मीटरला सुमारे १७ मिलिमीटर बाजूला जाऊ पाहते. सांगाडा त्याला जाऊ देत नाही, म्हणून ते तेवढे आडवे घासते. एका किलोमीटरला हे घासणे १७ मीटरांहून अधिक होते. शाळेत येऊन घरी परत जाईपर्यंत जवळजवळ ७० मीटर! हे सारे त्या मुलीच्या हातांच्या बळावर चालले होते. पाइप तर नीट मोजून कापले होते. मग हा अंश आला कुठून?

लोहाराला ठाऊक असलेली गोष्ट

याचे उत्तर गावच्या लोहाराकडे आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. लोखंडाची ही कडी चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. थंड होताना धाव आकसते आणि सारे चाक आवळून धरते.

एक अंश सेल्सिअस तापमान वाढले की लोखंड दर मीटरला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. चार मीटर परिघाची धाव ६०० अंशांनी तापवली, तर परीघ जवळजवळ ३ सेंटिमीटरने आणि व्यास सुमारे ९ मिलिमीटरने वाढतो. लोहार हे गणित मांडत नाही, पण धाव किती लहान ठेवायची हे त्याला नेमके ठाऊक असते.

वेल्डिंगमध्ये हेच घडते, फक्त आपल्या इच्छेविरुद्ध! पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते. सांध्यात भरलेला वितळलेला धातू गोठून थंड होताना मोकळा असता, तर १० सेंटिमीटर लांबीत पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास आखूड झाला असता. शेजारचा थंड पाइप त्याला तसे होऊ देत नाही. या ओढाताणीत सांधा स्वतः थोडा ताणला जातो आणि पाइपलाही आपल्याकडे ओढतो. वेल्डिंग एकाच बाजूने केले, तर पाइप त्या बाजूला झुकतो. सांध्याजवळ अर्धा अंशही झुकला, तरी एक मीटर लांबीच्या टोकाला ९ मिलिमीटरचा फरक पडतो. आमचा एक अंश असाच आला होता.

टेबल कशासाठी?

वेल्डिंगच्या टेबलाची कामे दोन. सांगाड्याचे चारही कोपरे एका पातळीत आहेत की नाहीत हे सांगणे, हे पहिले. सांधे थंड होईपर्यंत पाइपांना जागेवर धरून ठेवणे, हे दुसरे. फरशी यातले एकही काम करत नाही. ती स्वतः सपाट नसते आणि तिला शिकंजे लावता येत नाहीत.

कारखान्यांत जाड पोलादी तक्त्याचे टेबल असते. २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड अशा तक्त्याचे वजन सुमारे १८८ किलो भरते. शाळेला हे परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. सांगाडा काही ठिकाणीच टेकवायचा असतो. मधला पत्रा नसला तर उलट शिकंजे लावणे सोपे जाते.

आम्ही भंगारातून १०० मिलिमीटर उंचीच्या चॅनेलचे दोन मीटर लांबीचे दोन तुकडे घेतले. त्यांच्यावर ७५ मिलिमीटर चॅनेलचे एकेक मीटरचे चार आडवे तुकडे ठेवले. हे सारे ६५ ते ७० किलोंत बसले. चॅनेल उभा ठेवला की चांगला ताठ असतो. आमच्या २५ मिलिमीटर पाइपच्या तुलनेत तो वाकवायला शंभरपटीहून अधिक कठीण. म्हणून सांधा आकसला, तरी टेबल हलत नाही.

येथे एक मोह टाळायला हवा. आडवे तुकडे वेल्डिंगने जोडू नयेत, नाहीतर ज्या आकसण्यापासून सांगाडा वाचवायचा, तेच टेबलालाही वाकवील. बोल्टने जोडावेत. बोल्टचा दुसरा फायदा असा, की तुकडा खाली राहिला तर त्याखाली पातळ पत्र्याची चकती सरकवून तो वर उचलता येतो.

टेबलाला आधार तीनच द्यावेत. तिवई कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही, कारण तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जाते. चार पायांची बाज ओबडधोबड अंगणात एक पाय अधांतरी धरते, आणि कोणी बसले की पिळली जाते. एका टोकाला दोन आधार द्यावेत. दुसऱ्या टोकाला खालून बोल्टने जोडलेल्या आडव्या तुकड्याच्या मध्याखाली एक द्यावा. टेबल कलंडू नये म्हणून या टोकाच्या कोपऱ्यांखाली विटा रचाव्यात, पण त्या टेकू देऊ नयेत.

पाणी आणि दोरी

टेबल सपाट आहे हे कसे ओळखायचे? गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पहिल्या तपासणीला पुरेशी आहे. नळीत हवेचा बुडबुडा नसला, तर दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहते. चारही कोपरे त्या पातळीशी ताडून पाहता येतात. यात सुमारे एक मिलिमीटरपर्यंत अचूकता मिळते.

दुसरी तपासणी भूमितीची आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधून दोन बारीक नायलॉन दोऱ्या घट्ट ताणा. कोपरे एका प्रतलात असतील, तर दोऱ्या मध्यभागी एकमेकींना जेमतेम टेकतील. पीळ असेल, तर त्यांच्यात फट राहील किंवा एक दुसरीला दाबेल. दाबणे डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून खालची दोरी वर घेऊन पुन्हा पाहावे. एक कोपरा २ मिलिमीटर उचललेला असेल, तर फट १ मिलिमीटर पडते. असे का, हे नववीच्या विद्यार्थ्यांना सिद्ध करायला सांगा.

त्याच दोऱ्यांनी कर्णही मोजता येतात. समोरासमोरच्या बाजू समान आणि दोन्ही कर्ण समान, म्हणजे आयत. हे प्रमेय मुलांना पाठ असते. गुण्या नसतानाही काटकोन मिळतो, हे मात्र येथे कळते.

मोजणी सावलीत करावी. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हातले लोखंड त्याहून बरेच तापते. टेबलाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा १० अंशांनी जास्त तापली, तर दोन मीटरच्या चॅनेलला मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक फुगवटा येतो. सकाळी जुळवलेले टेबल दुपारी बिघडल्यासारखे दिसते, आणि संध्याकाळी आपोआप सुधारते!

टाके आधी, शिवण नंतर

सांगाडा शिकंज्यांनी टेबलावर आवळावा आणि सर्व सांध्यांना आधी नुसते टाके मारावेत. मग कर्ण पुन्हा मोजावेत. या वेळी चूक सापडली, तर टाका तोडणे सोपे असते. नंतर थोडे थोडे वेल्डिंग समोरासमोरच्या बाजूंनी, आलटूनपालटून करावे, म्हणजे एका बाजूचे आकसणे दुसरी बाजू भरून काढते. शिकंजे सोडण्याची घाई करू नये. आम्ही घाई केली, तेव्हा वेल्डिंग करणारे मिस्त्री म्हणाले, "सर, लोखंड थंड होऊ द्या, मंग मोजा." शिकंजे सोडल्यावरही सांगाडा थोडा उसळतो, कारण आतला ताण पूर्णपणे जात नाही. किती उसळतो ते टिपून ठेवले, तर पुढच्या वेळी तेवढे उलट्या बाजूला सरकवून आवळता येते.

विद्यार्थ्यांकडे मोजणे, आखणे आणि जुळवणे ही कामे द्यावीत. वेल्डिंग जाणकारानेच करावे. ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले, तर तिच्यातील अतिनील किरणांमुळे काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वापरू नये, कारण त्याचा धूर बाधतो. ओल्या जमिनीवर काम करू नये. जंगलाजवळच्या गावात तर आधी आजूबाजूचा पालापाचोळा झाडून पाण्याची बादली जवळ ठेवावी.

शाळेच्या वयातील मुलांनी असे काम करणे महाराष्ट्राला नवे नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करीत विज्ञान शिकावे म्हणूनच. तेथे जीपचे भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टरही तयार झाला. आमचे काम त्यापुढे अगदीच लहान होते.

दुसरा सांगाडा टेबलावर बांधला. मुलांनी चाकांमधील अंतर पुढे आणि मागे मोजले, तेव्हा फरक एका मिलिमीटरच्या आत आला. मुलगी तीनचाकी घेऊन मैदानाला एक फेरी मारून आली. ती सरळ चालते का, असे आम्ही विचारण्याआधीच तिने दोन्ही हात सोडून दाखवले. टेबल अजून शाळेच्या पडवीत आहे. पावसाळा उलटला, की दोऱ्या ताणून ते पुन्हा तपासायचे काम नववीच्या वर्गाकडे दिले आहे.