कमांड जर्मनमध्ये, युद्ध अमेरिकेचं

आजच्या भागाची सुरुवात अशा एका माणसापासून, ज्याला कार्ल मार्क्स पुरेसा क्रांतिकारी वाटत नव्हता. हो, बरोबर वाचलंत.

त्याचं नाव ऑगस्ट विलिख. प्रशियाच्या सैन्यातला अधिकारी. ती नोकरी सोडून सुतारकाम शिकला. १८४९ च्या जर्मन बंडात त्याने स्वतःची तुकडी चालवली आणि तिथे त्याचा सहायक होता फ्रेडरिक एंगल्स. बंड फसलं, मंडळी लंडनला पोचली आणि तिथे मार्क्सशी त्याचं इतकं वाजलं की याने थेट द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. मार्क्सने नकार दिला. मग १८५३ मध्ये विलिख अमेरिकेत गेला आणि पुढे सिनसिनाटीत एका जर्मन वृत्तपत्राचा संपादक झाला.

आता तेव्हाची अमेरिका बघा. लाखो जर्मन तिथे येऊन राहिले होते आणि अनेकांना ते नको होते. बाहेरून आलेल्यांविरुद्ध एक अख्खा पक्ष उभा होता, 'नो नथिंग' नावाचा. नाव असं का? कोणी पक्षाबद्दल विचारलं तर सदस्यांनी 'मला काही माहीत नाही' एवढंच म्हणायचं, म्हणून! ६ ऑगस्ट १८५५ ला, मतदानाच्या दिवशी, केंटकीतल्या लुईव्हिल शहरात जमावाने जर्मन आणि आयरिश वस्त्यांवर हल्ला केला. घरं जाळली, किमान २२ माणसं मेली. ही तारीख आणि हे शहर लक्षात ठेवा.

सहा वर्षांनी यादवी युद्ध पेटलं. इंडियानाच्या गव्हर्नरने विलिखला कर्नल केलं आणि ऑगस्ट १८६१ मध्ये इंडियानापोलिसला ३२वी इंडियाना रेजिमेंट उभी राहिली. जवळपास सगळी जर्मन. कवायत प्रशियन पद्धतीची, हुकूम जर्मनमध्ये, आणि बरेचसे इशारे बिगुलावर. विलिख सैनिकांना 'नागरिकहो' म्हणायचा. जुनी क्रांती डोक्यातून गेली नव्हती ना!

पहिली मोठी परीक्षा १७ डिसेंबर १८६१ ला. केंटकीत मनफर्डव्हिलजवळ ग्रीन नदीवरचा रेल्वेपूल दक्षिणेच्या फौजेने मोडला होता आणि ३२वीचे लोक नदी ओलांडायची सोय करत होते. पलीकडच्या काठावर पहाऱ्याला काही तुकड्या. त्यांच्यावर टेक्सासचं घोडदळ तुटून पडलं. विलिख तेव्हा जागेवर नव्हता, लढाई हातात घेतली लेफ्टनंट कर्नल फॉन ट्रेब्राने. बाकीच्या तुकड्या पूल ओलांडून धावल्या. एका कंपनीने तर संगिनी बाहेर रोखून चौकोन बांधला आणि घोडेस्वारांना परतवलं. हा डाव युरोपातल्या जुन्या लढायांमधला, अमेरिकेच्या या युद्धात फार क्वचित दिसला. टेक्सासच्या स्वारांचा कर्नल टेरी तिथेच पडला. पूल ३२वीकडेच राहिला.

आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी याच रेजिमेंटमधला ऑगस्ट ब्लॉडनर नावाचा साधा शिपाई चुनखडीच्या दगडावर छिन्नी घेऊन बसला. वर गरुड आणि झेंडे, खाली नावं. मजकूर जर्मनमध्ये. त्या युद्धाचं आज अस्तित्वात असलेलं सर्वांत जुनं स्मारक म्हणून हाच दगड ओळखला जातो.

पुढे एप्रिल १८६२, शायलो. लढाईचा दुसरा दिवस. समोरून गोळ्या येतायत, रांग डळमळायला लागली. विलिख काय करतो? शत्रूकडे पाठ करून रांगेसमोर उभा राहतो आणि त्यांच्याकडून बंदुकीची कवायत करून घेतो. भर गोळीबारात! वेडेपणा वाटतो, पण हात ओळखीच्या कामाला लागले की डोकं थोडं थंड होतं. रांग सावरली.

आणि मला सगळ्यात आवडलेला भाग, म्हणजे त्याची 'चालत चालत गोळीबार' ही पद्धत. प्रश्न असा, की तेव्हाची बंदूक नळीच्या तोंडातून भरायची, मिनिटाला फार तर तीन बार. भरायला थांबलात तर हल्ला थंडावतो, न थांबता पळालात तर बंदूक रिकामी. विलिखने चार रांगा केल्या. पुढची रांग बार काढणार आणि तिथेच बंदूक भरणार, तेवढ्यात मागची तिच्यामधून पुढे जाऊन बार काढणार, मग तिच्यामागची. बार चालू, पावलंही चालू. कोडिंगवाल्यांनो, ही सरळ सरळ पाइपलाइन आहे! टेनेसीत लिबर्टी गॅपला, जून १८६३ मध्ये, त्याच्या ब्रिगेडने ती वापरली.

पण त्याच्या आधीच्या महिन्यात, दूर पूर्वेला व्हर्जिनियात, चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत जर्मनांचा मोठा भरणा असलेल्या एका कोअरवर बाजूने अचानक हल्ला झाला आणि ती उधळली. वर्तमानपत्रांनी 'पळपुटे जर्मन' म्हणून टर उडवली. ३२वी तिथे नव्हतीच, पण बोल सगळ्याच जर्मनांना लागले. मला विचाराल तर संगिनीच्या जखमेपेक्षा हे जास्त खोल गेलं असणार. त्याच नोव्हेंबरात मिशनरी रिजवर, हुकूम फक्त पायथ्यापर्यंतचा असताना, विलिखची ब्रिगेड थेट माथ्यावर चढली. तिच्यात ३२वीही होती.

मे १८६४ मध्ये विलिख जबर जखमी झाला. सप्टेंबरमध्ये तीन वर्षांची मुदत संपली आणि रेजिमेंट घरी गेली. उरलेल्यांची एक छोटी बटालियन झाली, ती १८६५ मध्ये गेली कुठे? टेक्सासला.

आणि तो दगड? १८६७ मध्ये मृतांचे अवशेष मनफर्डव्हिलहून हलवले, त्यांच्याबरोबर दगडही गेला. लुईव्हिलला. हो, तेच शहर. तिथल्या केव्ह हिल दफनभूमीत तो १४० वर्षं ऊनपाऊस खात उभा होता. चुनखडी मऊ, पापुद्रे सुटत गेले, जर्मन अक्षरं झिजली. २००८ मध्ये तो तिथून काढला, २०१० मध्ये त्याच शहरातल्या एका संग्रहालयात ठेवला, आणि कबरींपाशी आता त्याच्या जागी नवा दगड आहे.