पाच फुटांचे घर

प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यापुढे १८१२ साली राइस्विट्झ नावाच्या एका उमरावाने युद्धखेळाचे जे टेबल पेश केले, त्यावर नद्या, रस्ते, गावे आणि टेकड्या यांचे उठावाचे चौकोनी तुकडे जुळवून बसणाऱ्यास हवा तो मुलूख उभा करता येत असे. राजाला ते पसंत पडले. परंतु असले सामान राजवाड्यातच शोभावयाचे, छावणीत ते कोण वाहून नेणार? म्हणून राइस्विट्झच्या मुलाने १८२४ साली या युद्धखेळाचे नवे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा ते अवजड टेबल बाजूस सारून १:८००० प्रमाणाचे कागदी नकाशे घेतले, आणि खेळ सैन्यातील अधिकाऱ्यांच्या हाती गेला. घरच्या घरी रणांगण छापणाऱ्या आजच्या हौशी माणसाचा खरा पूर्वज मी या मुलालाच मानतो.

हा हौशी माणूस ज्या खेळासाठी नकाशे करतो, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राचा कारभार पाहतो, एकजण सूत्रधार होऊन भोवतालचे जग सांगतो, आणि जेथे यशापयशाचा प्रश्न येतो तेथे फासे निकाल देतात. चिमुकल्या सैनिकांच्या लुटुपुटीच्या लढायांतून हा खेळ जन्मला असल्यामुळे त्याच्या पहिल्या पुस्तिकांत अंतरेसुद्धा इंचांतच दिलेली असत: भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट, उघड्यावर दहा यार्ड. पुढे २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने एक इंचाचे घर म्हणजे पाच फूट हा हिशेब रूढ केला. घर हा शब्द मी बुद्धिबळाच्या पटावरून घेतला आहे. त्याहून नेमका दुसरा मला सुचत नाही.

नकाशा काढण्यास चौकटीचा कागद आणि पेन्सिल पुरते. डंजनड्राफ्ट किंवा इन्कार्नेट यांसारख्या संगणकीय साधनांनी पिंपे, कोळिष्टके, रक्ताचे डागसुद्धा क्षणात उमटविता येतात, आणि नवशिक्या नेमका तेथेच फसतो. लढाई ऐन रंगात आली असता खेळाडूस एवढेच कळावयास हवे असते की भिंत कोठे आहे, दार कोठे आहे, कोणत्या खांबाआड लपता येईल आणि पलीकडच्या शत्रूपर्यंत किती घरे चालावे लागेल. उरलेली सारी नक्षी सूत्रधाराच्या वाणीवर सोपविणेच इष्ट. शिवाय भुयार काळे असते म्हणून कागदही काळा करणाऱ्याची शाई दोन नकाशांतच संपते. जमीन पांढरी, भिंती ठळक आणि घरांच्या रेषा फिक्या करड्या ठेवाव्यात, असे माझे मत.

खरी कसोटी छपाईच्या वेळी लागते. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. कडेने पाव-पाव इंच समास सोडला तर त्यावर आडवी सात आणि उभी अकरा घरे बसतात. म्हणजे अठ्ठावीस बाय बावीस घरांचा, अर्थात १४० फूट लांब व ११० फूट रुंद असा किल्ल्याचा चौक छापावयाचा, तर आठ कागद लागतील. दर इंचास १५० ठिपके धरले तर अशा चित्रात ४,२०० बाय ३,३०० ठिपके हवेत. हातभर अंतरावरून पाहावयाच्या नकाशास तेवढे पुरतात. पण केवळ पडद्यावर खेळण्यासाठी केलेल्या चित्रांत पुष्कळदा घरामागे सत्तरच ठिपके असतात, आणि तसे चित्र छापले की धूसर दिसते.

छपाईयंत्राची आणखी एक परोपकारी खोड अशी, की कागदात नीट मावावे म्हणून ते न विचारता चित्र किंचित आक्रसते. तीन टक्के आक्रसणे डोळ्यास जाणवतही नाही. परंतु अठ्ठावीस इंचांत ते जवळजवळ एक अख्खे घर गिळते, आणि इंचभर बैठकीच्या सोंगट्या एकमेकींस ढकलू लागतात. यास्तव ‘फिट टू पेज’ हा पर्याय काढून शंभर टक्के प्रमाण मुक्रर करावे, आणि पहिला कागद बाहेर येताच त्यावर फूटपट्टी ठेवावी. पैमाशीच्या नकाशास जो काटेकोरपणा लागतो तोच येथे लागतो. फरक इतकाच की येथील जमिनीवर कोणी दावा लावीत नाही.

कागद जोडताना प्रत्येक सांध्यावर एकाच कागदाची कड कापावी आणि ती शेजाऱ्याच्या समासावर चिकटवावी. आपल्याकडे बाजारपेठांतून फ्लेक्स छापणारे असतात. हाच नकाशा त्यांच्याकडे जेमतेम सव्वाचार चौरस फूट भरेल. पण फ्लेक्स चकाकतो, गुंडाळून ठेवला की त्याचे वळण लवकर जात नाही, आणि त्यात मला सर्वांत मोठी गैरसोय वाटते ती ही, की सारे भुयार एकदम उघडे पडते. सुटे कागद असले तर दार उघडेपर्यंत पलीकडची खोली सूत्रधाराच्या मांडीवरच राहते. त्याची स्वतःची प्रत, जीवर सापळे, चोरवाटा आणि लपलेले शत्रू नमूद आहेत, ती निराळीच असावी. खेळाडूंच्या प्रतीत चोरदार म्हणजे निव्वळ भिंत.

माझ्या दफ्तरात असे साठेक कागद आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक आणि उत्तरेचा बाण काढलेला आहे. सोळाव्या कागदावरील मद्यशाळा आतापर्यंत दोनदा गोदाम आणि एकदा देवालय झाली आहे, आणि खेळाडूंपैकी कोणाच्याही ते अद्याप ध्यानात आलेले नाही.