औलूला जाताना तूप नेता येत नाही

मे-जून आला की पुण्यालगतच्या हिंजवडी, मारुंजी, वाकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका साच्यातल्या जाहिराती येऊ लागतात. डबल डोअर फ्रिज, तीन वर्षं वापरलेला. सोफा, एका हातावर मांजराची नखं. लहान मुलाची सायकल. कुंड्या फुकट, फक्त घेऊन जा. खाली कारण लिहिलेलं असतं, 'फॅमिली रिलोकेशन'. पूर्वी त्यावर न्यू जर्सी की टेक्सास एवढंच विचारायचं उरत असे. आता अधूनमधून अशी गावं ऐकू येतात, जी शोधायला मोबाइलवरचा नकाशा बराच खाली ओढावा लागतो. फिनलंडचं औलू, स्वीडनचं लुलेओ, नॉर्वेचं ट्रॉन्डहाइम. मग सल्ल्यांना ऊत येतो. जॅकेट कुठलं, थर्मल किती जोड, रजई विमानात नेऊ देतात का.

माझ्या मते या तयारीतला बराचसा जोर भलतीकडे लागतो. त्या गावांत माणसं पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत आणि थंडीचा बंदोबस्त त्यांनी केव्हाच करून ठेवलाय. नवख्या कुटुंबाला खरं जड जातं ते दुसरंच. कोरडी हवा, नसलेला उजेड, बदललेली शेगडी आणि इथे चार माणसं मिळून चालवत असलेलं घर दोघांनी चालवणं.

उदाहरणाला औलू घेऊ. हेलसिंकीपासून रस्त्याने उत्तरेला सुमारे सहाशे किलोमीटर, बोथनियाच्या आखाताच्या काठावर. पुणे साडेअठरा अक्षांशावर, तर औलू पासष्टवर. आर्क्टिक वृत्त तिथून आणखी पावणेदोनशे किलोमीटरवर. वस्ती दोन लाखांहून थोडी जास्त. पण नोकियाचं मोबाइल नेटवर्कचं मोठं काम इथे चालतं, १९५८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आहे, त्यात २०१८ साली सिक्स-जीच्या संशोधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २०२६साठी हे शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडलं गेलं. रेडिओ आणि सॉफ्टवेअर जाणणाऱ्याला तिथे काम असतं ते यामुळे.

पुण्याला उत्तर युरोप तसा नवा नाही. दापोडीची सँडविक, अ‍ॅटलस कॉप्को, अल्फा लावल, चिंचवडची एसकेएफ ही सगळी मूळची स्वीडिश नावं. पण तेव्हा कारखाना इकडे आला आणि इथला माणूस तिकडे गेला तो प्रशिक्षणापुरता. आता बिऱ्हाडच हलतं. हिंजवडीतल्या पुष्कळांनी एक बिऱ्हाड आधीच हलवलेलं असतं म्हणा, लातूरहून, अकोल्याहून, जळगावहून. अकोल्याच्या मे महिन्यातून आलेला माणूस पुण्याच्या डिसेंबरलाच स्वेटर काढतो.

त्या थंडीचं सांगायचं तर पुण्यात नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, जानेवारी १९३५चं. औलूत जानेवारीची सरासरीच उणे दहाच्या जवळपास असते आणि मधूनच पारा उणे पंचवीसपर्यंत उतरतो. पण हे झालं घराबाहेरचं. ऊर्जाकेंद्रात तापवलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून इमारतींत फिरतं, त्याचा खर्च बहुधा भाड्यातच धरलेला असतो, खिडक्यांना काचेचे दोन-तीन थर असतात. खोली एकवीस अंशांवर स्थिर. पहाटे वाकडच्या फ्लॅटमध्ये शाल गुंडाळून चहा घेणारा माणूस तिथे टी-शर्टवर बसतो.

बाहेर पडायचे कपडे तिथेच घ्यावेत, जुने घेतले तर आणखी बरं. अंगालगत लोकर, मध्ये ऊब धरणारा थर, वरून वारा अडवणारं. सुती बनियन मात्र कपाटात राहू द्यावा, तो घाम धरून ठेवतो आणि मग तोच गारठतो. जॅकेटहून बूट महत्त्वाचे, कारण थंडीने आजारी पडण्यापेक्षा बर्फावर घसरून हात मोडण्याची शक्यता अधिक. बुटाखाली अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात. आपल्याला ते म्हाताऱ्यांचे वाटतात, पहिल्या आपटीपर्यंत.

घरातली खरी कुरकुर सुरू होते ती कोरडेपणाची. उणे वीस अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात येऊन एकवीस अंशांवर गेली की तिच्यात अठरा ग्रॅम मावू शकतं, पण असतं तेवढंच, एक ग्रॅम. स्वयंपाक, आंघोळ, श्वासोच्छ्वास यांतून थोडी भर पडते, तरी जुलैच्या हिंजवडीतून गेलेल्या कातडीला हा धक्काच. मुलांचा घोळणा फुटतो, टाचा भेगाळतात, पोळपाटाला चीर जाते, तबल्याची पुडी ताणली जाऊन सूर चढतो. तंबोरा नेणाऱ्याने त्याच्या भोपळ्याची काळजी स्वतःहून जास्त घ्यावी. उपाय साधे आहेत. धुतलेले कपडे घरातच वाळत घालायचे, रेडिएटरवर ओला टॉवेल टाकायचा, आंघोळीनंतर लगेच तेल लावायचं. खोबरेल मात्र तिथे बहुतेक काळ थिजलेलंच, कारण ते चोवीस अंशांखाली गोठतं.

आता स्वयंपाकघर. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे मिक्सर खुशाल न्यावा, फक्त पिनेला जोड लागतो. गॅस विसरायचा. शेगडी विजेची किंवा इंडक्शनची असते आणि इंडक्शनवर आजीचा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. चुंबक चिकटेल असं सपाट बूड हवं. सपाट लोखंडी तवा चालतो, खोलगट कढई नाही. पोळी होते, पण फुलका आचेवर टाकायला आच नाही. वांगं ओव्हनमध्ये उत्तम भाजतं आणि भरताला धुराचा वास येत नाही, ही उणीव मी मोठी मानतो. धूर करायला जावं तर प्रत्येक घरात धुराचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं आहे. मोहरी-मिरचीच्या पहिल्याच सढळ फोडणीला ते ओरडतं, म्हणून फोडणीआधी वरचा पंखा लावायची सवय करावी लागते.

सामान भरताना सगळ्यात जास्त घोटाळा तुपाचा होतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ आणता येत नाहीत. जनावरांचे साथीचे रोग आत येऊ नयेत हा हेतू. म्हणजे घरचं कढवलेलं तूप, पेढे, श्रीखंड, खव्याची बर्फी सगळं बाद. ताज्या फळांना आणि पाल्याला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे कढीपत्त्याची जुडी आणि हापूसची पेटीही राहिली. या दाखल्यातून सूट आहे ती पाच फळांना, नारळ, केळी, अननस, खजूर आणि फणसासारखं दिसणारं ड्युरियन. निदान पूजेच्या नारळाची सोय झाली. गोडा मसाला, मेतकूट, चिवडा यांना अडचण नाही. आणि तुपावाचून अडतही नाही, फिनलंडचं लोणी उत्तम असतं, ते कढवलं की झालं.

फर्निचर समुद्रमार्गे पाठवू नये. वापरलेल्या वस्तूंचा बाजार तिथे मोठा आहे, आणि नवंच हवं तर औलूचे लोक सव्वाशे-दीडशे किलोमीटर उत्तरेला स्वीडनच्या हद्दीतल्या हापारांडाला जातात, तिथे २००६ साली आयकियाचं दुकान निघालं. भाड्याच्या घरात फ्रिज आणि शेगडी असते, सिंकच्या वर भांडी निथळायचं कपाट असतं, संडासात हातफवारासुद्धा असतो, हे ऐकून पुष्कळांना हायसं वाटेल. नसतात ते छताचे दिवे. भाडेकरूने आपले आणायचे. नोव्हेंबरात दुपारी तीनला घराची किल्ली मिळाली, तर हे फार लवकर कळतं.

कारण अंधार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात औलूला सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोनच्या सुमारास मावळतो. मधले साडेतीन तासही तो क्षितिजालगतच सरपटतो. मात्र उगवण्याआधी आणि मावळल्यावर संधिप्रकाश कितीतरी वेळ रेंगाळतो. टिळकांनी १९०३ साली पुण्यातून प्रसिद्ध केलेल्या आर्यांच्या उत्तर ध्रुवीय मूलस्थानाबद्दलच्या इंग्रजी ग्रंथात वेदांतल्या उषेच्या वर्णनांवरून असाच तर्क लढवला होता, की इतकी लांबलेली पहाट ध्रुवाजवळच दिसते. त्यांचा सिद्धान्त आज विद्वान मानत नाहीत. पण पुण्यातल्या माणसाने त्या पहाटेचा एवढा विचार केला होता, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. जूनमध्ये सगळं उलटं, दिवस बावीस तासांचा, रात्री अकराला मुलं मैदानावर आणि पडदे ओढून झोपवायची मारामार.

अंधारात फिनिश माणूस जे करतो तेच करावं. दुपारी उजेड आहे तेवढ्यात बाहेर पडायचं, टेबलावर प्रखर दिवा ठेवायचा, ड जीवनसत्त्व घ्यायचं. ते तिथल्या दुधातही घातलेलं असतं, पण सावळ्या कातडीत ते सावकाश तयार होतं, म्हणून डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी. अंधारात चालताना अंगावर परावर्तक लावावा असं तिथला रहदारीचा कायदाच सांगतो. मुलांच्या दप्तरांना लटकलेली ती चकाकती चित्रं शोभेची नसतात.

संकष्टी करणाऱ्यांसाठी एक खास अडचण. चंद्राच्या कक्षेचा कल साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात कमी-जास्त होतो आणि सध्या तो जास्तीच्या टोकाजवळ आहे. त्यामुळे या काही वर्षांत मेच्या सुमारास येणाऱ्या संकष्टीला औलूच्या क्षितिजावर चंद्र येतच नाही, आणि नोव्हेंबरच्या सुमारास येणाऱ्या संकष्टीला तो मावळतच नाही. दोन्हीकडे चंद्रोदय म्हणून काही उरत नाही. पंचांगातली पुण्याची वेळ धरून उपास सोडावा, बाप्पा समजून घेईल. वेळेचा फरकही सोयीचा आहे, हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. आई-वडिलांशी संध्याकाळी बोलायला अमेरिकेसारखी कोणाला रात्र जागवावी लागत नाही.

कागदांचं थोडक्यात. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला आधी राज्य शासनाकडून प्रमाणित करून मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल मोहर घ्यायची. हे पुण्यात असतानाच उरकावं. तिथे पोचल्यावर कुटुंबाची नोंदणी त्यावर अवलंबून असते, आणि बँक खात्यापासून दवाखान्यापर्यंत बाकीचं बरंच काही त्या नोंदणीवर.

शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धात सुरू होतात, म्हणून जुलै हा जाण्याचा योग्य महिना. उजेड असतो, सायकलचे रस्ते पाठ होतात आणि हिवाळा पायरीपायरीने येतो. जानेवारीत सहकुटुंब जाणं म्हणजे हौसेने संकट ओढवून घेणं. सरकारी शाळा मोफत आहे, दुपारचं गरम जेवणसुद्धा, १९४८पासून. मधल्या सुट्टीत उणे दहालाही मुलांना बाहेर काढतात. आपल्या पालकांचा जीव वरखाली होतो, मुलं मात्र आठवड्यात रुळतात आणि बर्फातून सायकलने शाळेत जायचा हट्ट धरतात. औलूत तसं जाणारी मुलं शेकड्यांनी आहेत.

आईचं रुळणं इतकं सोपं नसतं. हिंजवडीतलं दोन नोकऱ्यांचं घर उभं असतं ते धुणं-भांड्याच्या मावशी, पोळ्यांच्या ताई, पाळणाघर, इस्त्रीवाला आणि दहा मिनिटांत कोथिंबीर आणणारा मुलगा यांच्या जिवावर. हा सगळा आधार विमानतळावर सुटतो. तिथे मोलकरीण ठेवणं सामान्य पगाराला परवडत नाही. काम वाटून घ्यावं लागतं आणि ही वाटणी जाण्याआधी ठरली नाही, तर ती आपोआप एकाच माणसावर पडते. कुणावर, ते सांगायला नको. त्यात बहुतेक घरांत तिने इथली नोकरी सोडलेली असते. कायद्याने जोडीदाराला काम करायची मुभा आहे, पण रेडिओ कंपनीत इंग्रजीवर भागतं तसं शाळेत, दवाखान्यात, दुकानात भागत नाही. फिनिश भाषेला पंधरा विभक्ती आहेत. नवागतांसाठी वर्ग असतात, आणि पहिल्या महिन्यापासून त्यात बसलेली बाई दोन वर्षांनी वेगळ्या जागी असते. त्या वेळात मूल सांभाळायला नवऱ्याने घरी यायचं. औलूत साडेचारला ऑफिस रिकामं होतं, त्यामुळे मीटिंगची सबब फारशी चालत नाही.

जोखमीचंही बोलायला हवं. उत्तरेकडच्या लहान शहरांत एखादाच मोठा मालक असतो. स्वीडनच्या शेलेफ्तेओमध्ये बॅटरीचा कारखाना काढणाऱ्या नॉर्थव्होल्टने मार्च २०२५मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा परदेशातून आलेल्या शेकडो कामगारांसमोर नोकरीबरोबर राहण्याच्या परवान्याचाही प्रश्न उभा राहिला. फिनलंडमध्ये जून २०२५पासून नियम असा आहे, की नोकरी गेली तर दुसरी शोधायला तीन महिने, आणि तज्ज्ञाच्या परवान्यावर आलेल्याला किंवा दोन वर्षांहून जास्त काळ कामाच्या परवान्यावर राहिलेल्याला सहा. म्हणून नोकरीचं पत्र हाती आल्यावर एचआरला सामानाच्या भत्त्याआधी परवान्याचा प्रकार विचारावा.

आणि हिंजवडीतला फ्लॅट लगेच विकू नये. तो भाड्याने द्यायचा तर जाण्याआधी विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करावं, बँकेला कळवून खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यावं, आणि भाडेकरूला आधीच सांगावं की मालक अनिवासी असल्याने दरमहा भाड्यातून तीस टक्क्यांहून थोडा अधिक कर कापून सरकारजमा करायची जबाबदारी त्याची आहे. हे ऐकून काही भाडेकरू काढता पाय घेतात. त्यामुळे फ्लॅटची जाहिरात फ्रिजच्या जाहिरातीच्या निदान दोन महिने आधी टाकावी.