चार फुटांचा मुलूख

चोवीस डब्यांची मेल गाडी १:८७ या प्रमाणात, म्हणजे शौकिनांच्या बोलीतल्या ‘एचओ’मध्ये, मापात उभी करायची तर इंजिनासकट ती सव्वासहा मीटरांहून लांब भरते. १:१६० या ‘एन’ प्रमाणात तीच गाडी साडेतीन मीटरांच्या आसपास येते. ही झाली नुसती उभी गाडी. तिला धावायला जागा हवी, वळायला तर त्याहून अधिक. आपल्या ब्रॉडगेजवरच्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. एचओमध्ये ती दोन मीटर होते, म्हणजे गाडी अर्धवर्तुळात फिरवायलाच चार मीटर रुंदीची खोली लागेल. दुकानातल्या संचांमध्ये सर्रास १८ इंच त्रिज्येचं वळण येतं. खऱ्या मापात ते जेमतेम ४० मीटर. घरातली छोटी रेल्वे त्यामुळे बहुतेकदा एका स्टेशनातून सुटते आणि अर्ध्या मिनिटात त्याच स्टेशनात परत येते.

या अडचणीवर कॅलिफोर्नियात बेन डेव्हिस, जिम फिट्झगेराल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७४च्या सुमारास जे उत्तर काढलं, ते या छंदातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल आहे असं मला वाटतं. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘एनट्रॅक’. अख्खी रेल्वे एकट्याने एका घरात बांधायचीच नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी दोन फूट रुंद आणि चार फूट लांब असा एक तुकडा, म्हणजे मॉड्यूल, तयार करायचा. रूळ जमिनीपासून ४० इंचांवर. तीन समांतर मार्ग, पुढच्या कडेपासून चार, साडेपाच आणि सात इंचांवर; त्यांची नावं लाल, पिवळा आणि निळा. रूळ टोकाच्या थोडे अलीकडेच थांबवायचे. दोन मॉड्यूलं शेजारी ठेवून सी-क्लॅम्पने आवळली की मधल्या जागेत ठरलेल्या लांबीचा सुटा रूळ बसवायचा, खालून विजेची जोडणी करायची, आणि गाडी पलीकडे जाते.

एवढं पाळलं की आत काय करायचं हे कोणी विचारत नाही. एकाने वाळवंट केलं, दुसऱ्याने बंदर, तिसऱ्याने कापडगिरणीचं गाव. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसलं तरी प्रदर्शनाच्या सकाळी त्यांचे मुलूख एका रेषेत येतात. मधले साडेतीन फूट ज्याचे त्याचे. टोकाचे चार-दोन इंच मात्र सगळ्यांचे, आणि तिथे कोणाची लहर चालत नाही.

युरोपात १९८१मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रेमो’ने हाच विचार पुढे नेला, आणि माझा ओढा तिकडे जास्त आहे. एनट्रॅकच्या गाड्या मुख्यतः लांबलचक फेऱ्या मारतात आणि पाहणाऱ्यांचे डोळे निववतात. फ्रेमोत रेल्वे काम करते. एकेरी मार्गाच्या मॉड्यूलांची जुळणी क्रीडागृहासारख्या मोठ्या सभागृहात होते आणि प्रत्येक मेळाव्याला तिचा नकाशा नवा असतो. रुळांची उंची १३० सेंटिमीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीपाशी. त्यामुळे डबे छपरांकडून दिसत नाहीत, फलाटावरून दिसावेत तसे बाजूने दिसतात. आधीच वेळापत्रक लिहिलेलं असतं, घड्याळ खऱ्यापेक्षा जलद चालवलेलं असतं, स्टेशनांवर स्टेशनमास्तर नेमलेले असतात. मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड असतं: कुठून निघाली, काय भरलंय, कुठे पोचवायची. चालक हातातलं नियंत्रक घेऊन आपल्या गाडीबरोबर पायी चालतो, पुढच्या स्टेशनची परवानगी मिळेपर्यंत थांबतो, आणि पिठाच्या गिरणीच्या बगलेला दोन वाघिणी सोडायच्या तर इंजिन पुढेमागे करत सांधे बदलून त्या सोडतो. डीसीसी या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनात स्वतःचा डीकोडर आणि स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून एकाच रुळावरची दोन इंजिनं दोन माणसं स्वतंत्रपणे चालवू शकतात.

पुढे हे सगळं टेबलावरही आलं. ‘टी-ट्रॅक’चं एकेरी मॉड्यूल ३०८ मिलिमीटर लांबीची पेटी असते आणि तिच्यावरचा काटो कंपनीचा रूळ ३१० मिलिमीटरचा. दोन्ही टोकांना एकेक मिलिमीटर बाहेर आलेला रूळच शेजारच्या रुळात अडकतो आणि पेट्या धरून ठेवतो. क्लॅम्प लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात सुरुवात करणाऱ्याला मी हीच वाट सुचवेन.

बांधकामाला हात घालताना सगळा जीव टोकफळीत ओतावा. बाकीची चौकट साध्या प्लायवूडची चालते, पण टोकाची फळी वाकली, गुण्यात नसली किंवा रुळाची जागा अर्धा मिलिमीटर सरकली तर डबा तिथेच उतरणार, तेही दुसऱ्याच्या मॉड्यूलशेजारी. म्हणून अनेक गट टोकफळ्या एकाच साच्यावरून कापून घेतात. फळ्या बोल्टने आवळायच्या असतील तर भोकं बोल्टपेक्षा मोठी ठेवतात, म्हणजे आधी रूळ बोटाने चाचपून जुळवता येतात आणि मग चाकी पिळता येते. टोकाचे रूळ कथिलाचा डाग देऊन खालच्या पितळी स्क्रूंना पक्के करायचे. नुसत्या प्लॅस्टिकच्या स्लीपरांवर सोडलेला रूळ गाडीतून नेताना कशाला तरी अडकतो आणि उखडतो.

रूळ निवडतानाही विचार करावा. ‘कोड १००’ रुळाची उंची इंचाचे शंभर सहस्रांश असते. एचओमध्ये तो खऱ्या मापात सव्वादोनशे मिलिमीटरांच्या घरात जातो, इतका उंच रूळ आपल्याकडे कुठेच नाही. ‘कोड ७५’ मात्र १६६ मिलिमीटर भरतो. भारतीय रेल्वेचा ५२ किलोचा रूळ १५६ मिलिमीटर उंच, ६० किलोचा १७२. म्हणजे हा अगदी दोहोंच्या मधला. रुळाच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवल्या आणि माथा पुसून लखलखीत ठेवला की निम्मं खरेपण तिथेच येतं.

तारांचं काम दिसत नाही म्हणून त्यात कसूर होते. खालून एक जाड मुख्य तार मॉड्यूलभर न्यायची आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून स्वतंत्र बारीक तार द्यायची. तीस-चाळीस मॉड्यूलं जोडल्यावर पातळ तारांमध्ये दाब पडतो आणि दूरच्या टोकाला इंजिन रेंगाळतं. डीसीसीच्या मांडणीत तपासणीची जुनी रीत आहे: रुळांवर एक नाणं आडवं ठेवायचं. वीजपुरवठा तत्क्षणी तुटला पाहिजे. तुटला नाही तर तारा बदलायच्या.

मग खडी. ती कोरडी पसरून मऊ ब्रशने स्लीपरांमध्ये बसवतात, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून फवारतात, आणि पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडतात. साबणाशिवाय पाणी खडीवर गोळ्या होऊन बसतं आणि खडी हलवतं. दख्खनच्या मुलखाला काळीच खडी शोभते, पण बसाल्टचा चुरा वापरण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवावा. त्यातले मॅग्नेटाइटचे कण इंजिनाच्या मोटरमधला चुंबक ओढून घेतो आणि मोटर खलास होते. माती मात्र खरीच घ्यावी. भाजून, मलमलीतून गाळून. कोणत्याही डबीतला रंग तिच्या जवळ जात नाही. गवतासाठी नायलॉनचे बारीक तंतू स्थिर विजेने उभे चिकटवतात. सह्याद्री करायचा तर आधी महिना ठरवावा, कारण श्रावणातला उतार आणि मार्गशीर्षातला उतार एका मॉड्यूलवर नांदू शकत नाहीत.

घाट करणाऱ्याला मात्र टोकांचा नियम जाचतो. बोरघाटाचा चढ ३७ला १. चार फुटांत रूळ साधारण ३३ मिलिमीटर वर जाईल आणि शेजाऱ्याशी जुळणारच नाही. यावर जाणकारांची तोड सुंदर आहे. ते रूळ समपातळीत ठेवतात आणि जमीन खाली कापतात. चौकटीचा मधला भाग खोल नेऊन दरी करायची, तिच्यावर दगडी कमानींचा पूल टाकायचा. पाहणाऱ्याला उंची जाणवते, रुळाची पातळी मात्र केसभरही हललेली नसते.

पुण्यात कोथरूडला १९९८पासून भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथला लेआउट कायमचा, एका जागी बांधलेला. त्याने कितीतरी मुलांना हे वेड लावलं असेल. त्यातल्या कोणी मोठेपणी चार फुटांचं मॉड्यूल करायला घेतलं, तर मी कुर्डुवाडी सुचवेन. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७मध्ये तिथूनच बार्शीकडे निघाली. गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. दर आसावर भार फक्त पाच टन. त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीने आठ चालक चाकांची इंजिनं बांधली. तो मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे, त्यामुळे ते दृश्य बघायचं तर बांधावंच लागेल. एचओमध्ये ७६२ मिलिमीटरांचे पावणेनऊ होतात आणि एन प्रमाणाचा बाजारात मिळणारा रूळ नऊ मिलिमीटरचा आहे. इतकं जवळचं माप आयतं मिळतं. अडचण ब्रॉडगेजची आहे: आपलं १६७६ मिलिमीटरचं गेज एचओमध्ये सव्वाएकोणीस व्हायला हवं, आणि तयार रूळ साडेसोळाचाच येतो. दोन गेज शेजारी आले की हा फरक डोळ्यांत भरेल. तरीही दोन्ही टोकफळ्यांवर साडेसोळाचाच रूळ ठेवावा, म्हणजे कोणाच्याही मॉड्यूलशी जोड मिळेल. मधल्या यार्डात एका बाजूला मोठ्या वाघिणी, दुसऱ्या बाजूला बार्शीच्या ठेंगण्या वाघिणी, आणि मधल्या फलाटावर पोती उचलून इकडून तिकडे नेणारे हमाल. नऊ मिलिमीटरचा रूळ मागच्या कडेने बाहेर काढावा आणि तिथेही एक टोकफळी बसवून ठेवावी. बार्शी दुसरं कोणीतरी बांधेल.