‘टायटॅनिक’ची दुर्घटना : संकेतांच्या दृष्टीने एक विचार

१४ एप्रिल १९१२ रोजी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ‘टायटॅनिक’ ही आगबोट उत्तर अटलांटिक महासागरात एका हिमनगावर घासली आणि त्यानंतर दोन तास चाळीस मिनिटांनी पाण्याखाली गेली. बेलफास्ट येथील हार्लंड अँड वुल्फ यांच्या गोदीत बांधलेली ही ४६,३२८ टनांची बोट ‘व्हाइट स्टार लाइन’ कंपनीची असून साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे आपल्या पहिल्याच सफरीस निघाली होती. बोटीवर सुमारे २,२०० माणसे होती. त्यांपैकी सुमारे १,५०० मरण पावली. प्राणरक्षक होड्या २० होत्या व त्यांत १,१७८ माणसांचीच सोय होती. बोटीचा वेग, होड्यांची अपुरी संख्या आणि जलाभेद्य कप्प्यांची रचना या कारणांची चर्चा अमेरिकेच्या सेनेटने नेमलेल्या समितीने आणि इंग्लंडमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या चौकशी न्यायालयाने त्याच वर्षी सविस्तर केली. त्या कारणांचे महत्त्व कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु या दोन्ही चौकशांतील साक्षी वाचताना भाषेच्या अभ्यासकास एक वेगळी गोष्ट जाणवते. त्या रात्री सूचना, हाका आणि खुणा यांचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो त्यांचा अर्थ कोणी, कसा व कोणत्या बंधनाने घ्यावा, याविषयीच्या निश्चित संकेताचा.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो, असे नैयायिक मानतात. संकेत म्हणजे बोलणारा व ऐकणारा यांनी आधीच मान्य केलेली व्यवस्था. नित्याच्या व्यवहारात ही व्यवस्था थोडी ढिली असली तरी चालते; कारण न समजलेले पुन्हा विचारता येते. संकटात विचारण्यास वेळ नसतो. म्हणून संकटकाळच्या भाषेला संकेताची जितकी गरज असते तितकी अन्य कोणत्याही भाषाव्यवहाराला नसते. ‘टायटॅनिक’च्या इतिहासातील काही प्रसंग या दृष्टीने तपासून पाहू.

पहिले उदाहरण एका क्रियाविशेषणाचे आहे. ‘टायटॅनिक’ व तिची जुळी बोट ‘ऑलिंपिक’ यांचे वर्णन करताना ‘शिपबिल्डर’ या इंग्रजी व्यावसायिक नियतकालिकाने १९११ साली, जलाभेद्य दरवाजांमुळे ही बोट ‘जवळजवळ’ न बुडणारी होते, अशा अर्थाचे विधान केले होते. अभियंत्याच्या दृष्टीने त्या विधानातील ‘जवळजवळ’ हाच शब्द महत्त्वाचा. लोकांच्या तोंडी मात्र विशेषण राहिले आणि त्याला मर्यादा घालणारा शब्द गळून पडला. हे केवळ वृत्तपत्री अतिशयोक्तीपुरते राहिले नाही. बोट बुडाल्याची वार्ता येण्यापूर्वी कंपनीचे न्यूयॉर्कमधील उपाध्यक्षही ती बुडणे अशक्य असल्याचा विश्वास प्रकट करीत होते. बोटीवरही उतारूंना प्रथम होडीत बसण्याची निकड वाटली नाही. ६५ माणसांची सोय असलेली पहिली होडी खाली सोडली गेली तेव्हा तीत तीस माणसेही नव्हती.

दुसरे उदाहरण बिनतारी संदेशांचे. बोटीवरील तारयंत्र जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड हे दोन तरुण चालवीत. ते मार्कोनी कंपनीचे नोकर होते आणि उतारूंचे खाजगी संदेश पैसे घेऊन पाठविणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. यंत्र आदल्या रात्री बिघडून दुरुस्त झाल्यामुळे अशा संदेशांचा ढीग साचला होता. १४ तारखेला दिवसभरात ‘कॅरोनिया’, ‘बाल्टिक’ इत्यादी बोटींकडून बर्फाच्या सूचना आल्या. काही कप्तान स्मिथ यांच्यापर्यंत पोहोचल्या. रात्री ‘मेसाबा’ने, पुढील मार्गात मोठे हिमनग व बर्फाचे थर असल्याचे अक्षांश-रेखांशांसह कळविले. ही सूचना आपल्यापर्यंत आलीच नाही, असे बचावलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. अकराच्या सुमारास ‘कॅलिफोर्नियन’ या जवळच्या बोटीवरील तारवाला सिरिल एव्हान्स याने, आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत, असे कळविले. फिलिप्सने त्याला मध्येच तोडून गप्प राहण्यास सांगितले, कारण तो केप रेस येथील किनारी केंद्राशी संदेशांची देवाणघेवाण करीत होता.

या उत्तरातील उद्धटपणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण तारवाल्यांच्या आपसातील बोलीत असे बोलणे नित्याचे होते आणि एव्हान्सनेही तो अपमान मानला नाही. खरा प्रश्न संदेशाच्या रूपाचा आहे. एका कप्तानाने दुसऱ्या कप्तानास पाठविलेल्या अधिकृत संदेशाच्या आरंभी ठरावीक अक्षरे जोडण्याची रीत होती. ती अक्षरे असली की संदेश कप्तानाकडे नेऊन त्याची पोच देणे तारवाल्याचे कर्तव्य ठरे. एव्हान्सचा संदेश त्या अक्षरांवाचून, मित्राने मित्राला हाक मारावी तशा थाटात आला. आशय प्राणसंकटाचा आणि रूप गप्पांचे. ऐकणाऱ्याने रूपावरून त्याची किंमत ठरविली. साडेअकराच्या सुमारास एव्हान्सने आपले यंत्र बंद केले व तो झोपला. त्याच्या बोटीवर दुसरा तारवाला नव्हता.

हिमनग दिसताच पहिले अधिकारी मर्डॉक यांनी दिलेली आज्ञा हे तिसरे उदाहरण. ती शब्दशः ‘सुकाणू पूर्ण उजवीकडे’ अशी होती. बोट मात्र डावीकडे वळली, आणि वळावी अशीच अपेक्षा होती. जुन्या गलबतांवर सुकाणूचा दांडा ज्या बाजूस ढकलावा त्याच्या उलट बाजूस गलबत वळे. चाकाचे सुकाणू आले तरी आज्ञेचे शब्द दांड्याचेच राहिले. शब्द टिकून त्याखालची वस्तू बदलल्याची अशी उदाहरणे भाषेच्या इतिहासात वारंवार आढळतात. २०१० साली लुईस पॅटन या लेखिकेने, या आज्ञेच्या अर्थाविषयी गोंधळ होऊन बोट प्रथम चुकीच्या दिशेस वळविली गेली, असा दावा केला. परंतु साक्षींना तो धरून नाही. आणि व्यापारी जहाजांवरील सुकाण्यांना त्या काळी हीच एक रीत ठाऊक होती. विपरीत शब्दाचाही संकेत सर्वांना समान असेल तर अर्थबोध अचूक होतो, हेच या उदाहरणावरून दिसते.

साडेबाराच्या आधीच फिलिप्सने मदतीची हाक सुरू केली. प्रथम त्याने ‘सी क्यू डी’ ही अक्षरे पाठविली. ‘सी क्यू’ म्हणजे सर्व केंद्रांना उद्देशून हाक. तिला ‘डी’ हे संकटदर्शक अक्षर मार्कोनी कंपनीने १९०४ साली जोडले होते. बर्लिन येथील १९०६ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मात्र ‘एस ओ एस’ ही खूण ठरविली होती आणि ती १९०८ पासून अमलात होती. ही अक्षरे एखाद्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे आहेत, अशी जी समजूत रूढ आहे ती मागाहून रचलेली लोकव्युत्पत्ती होय. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड असा ठोक्यांचा नाद गोंगाटातही ओळखू येतो, एवढाच तिचा गुण. नवी खूण वापरून पाहा, असे ब्राइडने थट्टेने सुचविले व फिलिप्सने मग दोन्ही वापरल्या. नियम होऊन चार वर्षे लोटली तरी कंपनीची जुनी सवय सुटली नव्हती. सुदैवाने ऐकणारे दोन्ही खुणा जाणत होते. ‘कार्पेथिया’ बोटीने सुमारे ५८ मैलांवरून धाव घेतली आणि पहाटे चारच्या सुमारास येऊन होड्यांतील सातशेहून अधिक माणसांना वाचविले.

त्याहून जवळ असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’वरून ‘टायटॅनिक’ने सोडलेले दारूचे पांढरे बाण दिसत होते. पहाऱ्यावरील अधिकारी स्टोन यांनी ते पाहिले आणि कप्तान लॉर्ड यांना कळविले. ते एखाद्या कंपनीचे खाजगी संकेत आहेत काय, असे कप्तानांनी विचारले; स्टोन यांना निश्चित सांगता आले नाही. दिव्याने खुणा करून पाहाव्यात, अशी आज्ञा झाली, तारवाल्यास मात्र कोणी उठविले नाही. रात्री कंपनीची ओळख पटविण्यासाठी रंगीत दिवे व बाण सोडण्याची प्रथा त्या काळी होतीच. आपल्या शास्त्रकारांचे ‘सैंधव आण’ हे उदाहरण येथे आठवते. जेवताना म्हटले तर मीठ आणावे, प्रवासास निघताना म्हटले तर घोडा. वक्त्याचे तात्पर्य प्रसंगावरून ओळखावे. पण अंधारात अनेक मैलांवर असलेल्या वक्त्याचा प्रसंग ऐकणाऱ्यास कसा कळावा? ठरावीक थोड्या अंतराने एकेक बाण सोडणे ही संकटाची खूण, असे नियम सांगत होता, तो याचसाठी. तात्पर्य शोधावे लागू नये म्हणूनच ती खूण निश्चित केली होती. ‘कॅलिफोर्नियन’वर नियमाच्या जागी तर्क आला. दोन बोटींतील नेमके अंतर व कप्तान लॉर्ड यांचा दोष यांविषयी आजही मतभेद आहेत. खूण दिसली आणि वाचली गेली नाही, याविषयी नाहीत.

बोटीवरही हेच घडत होते. स्त्रिया व मुले यांना प्रथम होड्यांत घ्यावे, ही आज्ञा डाव्या बाजूस लाइटॉलर यांनी ‘फक्त स्त्रिया व मुले’ अशी घेतली. उजव्या बाजूस मर्डॉक यांनी, जवळ स्त्रिया नसतील तर पुरुषांना बसू दिले. ‘प्रथम’ या शब्दाला ‘नंतर’ची अपेक्षा आहे की नाही, यावर कित्येक पुरुषांचे जीवन-मरण अवलंबून राहिले. सर्वांना एकदम ऐकू जाईल अशी ध्वनिक्षेपणाची सोय बोटीवर नव्हती. नोकर दारोदार जाऊन उतारूंना उठवीत होते. तिसऱ्या वर्गात स्वीडिश, फिनिश, अरबी, बल्गेरियन अशा अनेक भाषा बोलणारे लोक होते आणि त्यांतील अनेकांना इंग्रजी येत नव्हते. पहिल्या वर्गातील साठ टक्क्यांहून अधिक उतारू वाचले, तिसऱ्या वर्गातील जेमतेम चतुर्थांश. या फरकाची कारणे अनेक आहेत व भाषा हे त्यांतील एकच. परंतु लॉर्ड मर्सी यांच्यापुढे तिसऱ्या वर्गातील एकाही उतारूची साक्ष झाली नाही, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. ज्यांना त्या रात्री आज्ञा समजल्या नाहीत, त्यांचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था नंतरही झाली नाही.

दुर्घटनेनंतर जे नियम झाले त्यांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांचा परस्परसंबंध ध्यानात येतो. २० जानेवारी १९१४ रोजी लंडन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात सर्वांना पुरतील इतक्या होड्या, हिमनगांवर पहारा आणि बिनतारी यंत्रावर अखंड लक्ष यांची तरतूद होती. त्याचबरोबर संकटाच्या खुणा अन्य कामासाठी वापरण्यास मनाई करण्यात आली. १९२९ च्या करारात सुकाणूच्या आज्ञा वळण्याच्या दिशेनेच द्याव्यात, असे ठरले. २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नाविकांसाठी प्रमाणित इंग्रजी वाक्प्रयोगांचा संग्रह स्वीकारला. वेगवेगळ्या मातृभाषांच्या खलाशांना संदिग्धता टाळून बोलता यावे, हा त्याचा हेतू. या तरतुदींपैकी पहिल्या दोन वगळता उरलेल्या सर्व भाषेविषयीच्या आहेत, असे म्हणता येईल. खुणेला एकच अर्थ असावा, ती ऐकणारा कोणीतरी जागा असावा व ऐकल्यावर काय करावयाचे ते त्याच्या मर्जीवर नसावे, आणि ती खूण सर्वांना ठाऊक असावी, या तीन अटी त्यांतून निघतात.

१९८५ च्या सप्टेंबरात रॉबर्ट बॅलार्ड व झाँ-लुई मिशेल यांच्या पथकास ‘टायटॅनिक’चे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडले आणि बोटीच्या बांधणीविषयीच्या कित्येक प्रश्नांचा उलगडा झाला. येथे चर्चिलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या अवशेषांत मिळण्याजोगी नाहीत. ती साक्षींच्या कागदपत्रांतच आहेत. त्या कागदपत्रांकडे इतिहासकारांप्रमाणेच भाषाभ्यासकांनीही वळावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. फिलिप्स त्या रात्री बुडाला. अखेरपर्यंत तो यंत्रापाशी बसून हाका देत राहिला, याविषयी दुमत नाही. आणि त्याच वेळी थोड्या मैलांवर ‘कॅलिफोर्नियन’वरील यंत्र बंद होते.