पाहुणे की वारस?

अमेरिकेतल्या किंवा कॅरिबियन बेटांवरच्या कृष्णवर्णीय माणसाने पहिल्यांदा घानात पाय ठेवला, की एक प्रश्न त्याच्यासमोर येतोच: तुमचे पूर्वज नेमके कुठले? बहुतेकांना याचे उत्तर देता येत नाही, आणि मग या 'घरवापसी'ला भावनेच्या भरातले पर्यटन ठरवले जाते. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना अटलांटिकपार नेणाऱ्या जहाजांवर चढवले गेले, त्यातली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. जी उतरली त्यांची नावे बदलली गेली, भाषा सुटल्या. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली होती: वय, लिंग, वर्ण, पण बहुधा नाव नाही. त्यांतल्या बहुतेकांची नावे पहिल्यांदा लिहिली गेली ती १८७० साली. वंशावळ पुसून टाकणे हा त्या गुन्ह्याचाच भाग होता. तेव्हा आज वारसांकडे वंशावळीचा दाखला मागणे म्हणजे घर जाळून वर घराचे कागद मागण्यासारखे आहे. डीएनए चाचणीनेही ही पोकळी पुरती भरत नाही. आजच्या कोणत्या समूहांशी साम्य आहे एवढेच ती सांगते. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच.

जिथे दाखला नाही, तिथे जागा आहेत. घानाच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतलेला एल्मिनाचा किल्ला आणि ब्रिटिशांच्या ताब्यातला केप कोस्टचा किल्ला आजही उभे आहेत. केप कोस्टला पुरुष गुलामांच्या तळघराच्या वरच प्रार्थनाघर होते. हे वाचून कळते, पण त्या अंधाऱ्या, हवा नसलेल्या खोलीत उभे राहिल्यावर अंगावर येते. तिथे रडणाऱ्या माणसाचा खापरपणजा त्याच तळघरात होता का, हा प्रश्न मला गौण वाटतो. तो अशाच एका तळघरातून गेला असणार, एवढे पुरेसे आहे.

या नात्यावरचा सर्वांत जड आक्षेप असा, की माणसे विकणाऱ्यांत आफ्रिकीही होते. हे खरेच आहे. आजच्या घानातल्या असांते राज्याने युद्धकैदी किनाऱ्यावर विकले आणि बदल्यात बंदुका घेतल्या. पण यामुळे नाते तुटत नाही, अवघड होते, आणि अवघड नाते हेही नातेच असते. हा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंची माणसे समोरासमोर यायला हवीत. तशी ती आली की खटकेही उडतात. १९९० च्या दशकात किल्ल्यांची डागडुजी आणि रंगरंगोटी सुरू झाली तेव्हा अनेक आफ्रिकी-अमेरिकनांनी संतापून विरोध केला: हे दफनस्थान आहे, सजवू नका. किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या स्थानिकांना मात्र तिथून रोजगार हवा होता. मला दोघांचेही म्हणणे पटते. पण स्थानिकांची गरज बाजूला सारून पाळलेले सुतक अपुरे राहील. आलेल्यांना अनेकदा परदेशी म्हणूनच वागवले जाते, डॉलरवाले म्हणून भाव जास्त सांगितला जातो. हे बोचते. तरीही आपल्या माणसांत आपण परके आहोत हे कळणे हीसुद्धा गुलामांच्या व्यापाराच्या चार शतकांची खरी नोंद आहे.

घाना सरकारने २०१९ हे 'परतीचे वर्ष' म्हणून साजरे केले, कारण व्हर्जिनियात १६१९ साली आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले त्याला चारशे वर्षे होत होती. यात पर्यटनाचा पैसा होता हे उघड आहे. पण त्याआधीच, २००० सालच्या कायद्याने, आफ्रिकी वंशाच्या परदेशस्थांना घानात वास्तव्याचा हक्क मिळण्याची वाट खुली झाली होती, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात शंभरावर जणांना नागरिकत्वही दिले गेले. परतीची ही ओढ मात्र त्याहून जुनी आहे: आफ्रिकी-अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आफ्रिका पहिल्यांदा पाहिली ती पन्नाशी उलटल्यावर, १९२३ साली, लायबेरियात. पुढे घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या बोलावण्यावरून ते १९६१ मध्ये घानात राहायला आले, तिथले नागरिक झाले आणि १९६३ मध्ये अक्रातच वारले.